सभेचा पत्ता

ह्या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे मुलांच्या शिक्षणाविषयी, घरखर्चाविषयी किंवा एकत्र कुटुंबातील कुरबुरींविषयी असतात. गेल्या महिन्यात आलेले एक पत्र मात्र निराळे होते. रायपूरचा शिक्का असलेल्या पाकिटात वहीचा एक फाडलेला कागद होता व त्यावर सुवाच्य अक्षरांत एवढेच लिहिले होते : “माझे यजमान दारू सोडू इच्छितात. तीनदा सोडली, तीनदा पुन्हा सुरू झाली. दारू सोडलेल्या माणसांच्या सभा भरतात असे ऐकते. ह्या सभा कोठे भरतात, तेथे कोणाला जाता येते, आणि गेल्यावर नाव सांगावे लागते काय, हे कृपया कळवावे.” पत्राखाली नाव नव्हते. उत्तर कोणत्या पत्त्यावर पाठवावे, हेही लिहिलेले नव्हते.

तेव्हा भगिनी, आपल्या पत्राचे उत्तर येथेच देत आहे. इतर वाचकांनीही ते वाचावे अशी विनंती आहे. कारण हा प्रश्न ज्या घरांत आहे त्यांतील फारच थोड्या घरांतून असे पत्र निघते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ह्या म्हणीवर आपला फार विश्वास असतो.

मीही तो बाळगला होता. माझा व्यवसाय अनुवादाचा. आरोग्यविषयक पुस्तिका, परिपत्रके, निवेदने मराठीत आणणे हे माझे रोजचे काम. ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द मी आजवर शेकडो वेळा लिहिला असेल. असे असूनही तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंना अशा सभेस घेऊन जाण्याची वेळ आली, तेव्हा दिल्लीसारख्या शहरात ती कोठे भरते, हे मला सांगता आले नाही. पुढे जे लिहीत आहे ते बंधूंच्या संमतीने. मजकूर त्यांनी वाचला आहे, आणि एके ठिकाणी खोडलाही आहे. त्याविषयी शेवटी सांगेन.

शपथ आणि तिच्यानंतरचे दिवस

दादा मध्य प्रदेशातील एका कारखान्यात नोकरीस आहेत. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, आम्ही सारे जमलो असताना, त्यांनी आईच्या पायांवर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घेतली. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. आम्हांला वाटले, संकट टळले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे हात इतके कापू लागले की चहाचा कप धरवेना. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झाडू लागले, वडिलांना हाका मारू लागले, आणि मला त्यांनी ओळखले नाही. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी आम्हांला जे समजावून सांगितले, ते प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याचे शरीर तिच्याशी जुळवून घेते. ती एकाएकी बंद झाली की सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही जणांना असा भ्रम होतो की त्यात प्राणही जाऊ शकतो. योग्य औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व वेळीच मिळाल्यास हा धोका टाळता येतो. यास्तव ज्यांना सकाळी उठताच दारू लागते, न मिळाल्यास हात कापतात, त्यांनी शपथ घेण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. सभा ही त्यानंतरची गोष्ट आहे. ती ह्या उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

दादा नऊ दिवस रुग्णालयात होते. निघताना डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवर खाली दोन अक्षरे लिहिली : ‘एए’. “ही औषधे थोड्या दिवसांची आहेत. ती संपल्यावर काय, ते हे,” असे ते म्हणाले.

मराठी वाचकाला येथे गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला शंभर वर्षे रडविले. त्यात तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. पिणाऱ्यांना एकत्र बसण्याची सोय आहे. त्यांची थट्टामस्करी आहे, जिवाभावाची सोबत आहे. सुधाकरही मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो. परंतु निश्चय केलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोठे जाऊन बसावे, अशी एकही जागा त्या नाटकात नाही. जुने मित्र अपमान करतात, घरच्यांची दृष्टी खाली झुकलेली असते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटककाराची ही उणीव नव्हे. त्या काळी जगात अशी जागा जवळजवळ नव्हतीच. आपल्याकडे माळ घालून वारकरी झालेल्या पुष्कळांची दारू सुटली आहे. त्यामागे देवावरील श्रद्धा होतीच. पण दर एकादशीला भेटणारी, आपली चौकशी करणारी दिंडीही होती.

अॅक्रनचा दूरध्वनी

‘एए’ म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’. तिचा उगम एका शोधातच आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे शेअरदलाल व्यवसायाच्या कामासाठी ओहायो राज्यातील अॅक्रन ह्या गावी गेले होते. त्यांची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले. ते हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटे उभे राहिले. एका बाजूने मद्यगृहातील हसण्याचे आवाज येत होते. आपण आता पिणार, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या बाजूस दूरध्वनी होता व तेथे गावातील चर्चांची यादी लावलेली होती. त्यांनी एकामागून एक दूरध्वनी केले, आणि दारूशी झगडणाऱ्या एखाद्या माणसाशी मला बोलावयाचे आहे, अशी विनंती केली. उपदेशक त्यांना नको होता. स्वतःसारखाच एखादा माणूस हवा होता.

अशा रीतीने त्यांची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ ह्या शल्यविशारदाशी घालून देण्यात आली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांहून अधिक बसणार नाही असे आधीच बजावले होते. बोलणे कित्येक तास चालले. त्यांना उपदेश करणारे आजवर पुष्कळ भेटले होते. आपलीच कहाणी सांगणारा हा पहिलाच. १० जून १९३५ रोजी डॉक्टर स्मिथ शेवटचे प्यायले, आणि तोच दिवस ह्या चळवळीचा जन्मदिन मानला जातो. आपल्याकडे म्हणतात, ज्याचे जळते त्यालाच कळते. ह्या चळवळीचे सारे तत्त्व त्या म्हणीत आहे. फक्त ज्याचे जळते त्याने दुसऱ्या जळणाऱ्याला शोधून काढावयाचे, एवढी भर तीत घालावी लागेल.

भारतात ही चळवळ १९५७ साली दिल्लीत सुरू झाली. आज देशातील बहुतेक मोठ्या शहरांत, पुष्कळ जिल्ह्यांच्या ठिकाणी व काही लहान गावांतही तिचे गट आहेत. मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईस आहे. मुंबई-पुण्याकडील कित्येक सभा मराठीत चालतात. अन्यत्र हिंदी, इंग्रजी किंवा त्या त्या प्रांताची भाषा असते.

शोध कसा घ्यावा

आता आमची चूक सांगतो. दादा रजा घेऊन दिल्लीस माझ्याकडे आले. मी कोठूनशी एक यादी मिळविली. तीत आमच्या वस्तीपासून दोन कोसांवरील एका शाळेचा पत्ता व ‘गुरुवार, सायंकाळी सात’ असे लिहिलेले होते. आम्ही साडेसहालाच पोचलो. फाटकाला कुलूप होते. पहारेकऱ्याने सांगितले की ती माणसे येथे येणे बंद होऊन वर्ष होऊन गेले. दादा हसले. “बरेच झाले,” म्हणाले. परतताना ते एक अक्षरही बोलले नाहीत. रात्री जेवणानंतर ‘पान घेऊन येतो’ म्हणून बाहेर पडले, आणि दीड वाजता रिक्षावाल्याने त्यांना दारापर्यंत आणून सोडले. चाळीस दिवस एका कुलपापायी गेले, असे मी तेव्हा म्हणालो. दादा आज तसे म्हणू देत नाहीत. कुलूप निमित्त होते असे त्यांचे म्हणणे आहे. तरीही यादी जुनी आहे की नवी, हे पाहण्यास एक दूरध्वनी पुरला असता, आणि तो मी केला नव्हता.

म्हणून पहिली सूचना ही की, पत्ता मिळाला तरी निघण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. ह्या सभा शाळांचे वर्ग, चर्चची सभागृहे, रुग्णालयांतील खोल्या, समाजमंदिरे अशा मागून घेतलेल्या जागी भरतात. जागा बदलतात, वेळा बदलतात, सणासुदीला शाळा बंद असतात.

दुसरी सूचना, माहिती कोठे मिळेल ह्याविषयी. ‘एए’च्या भारतीय संकेतस्थळावर शहरवार सभांची माहिती व दूरध्वनी क्रमांक असतात. ते पाहणे ज्यांना जमत नाही त्यांनी सामाजिक न्याय मंत्रालयाच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला १४४४६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. मनाच्या आजारांविषयी सल्ला देणारी ‘टेलिमानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे; तिचा क्रमांक १४४१६. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, सरकारी साहाय्यावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे येथेही जवळच्या गटाचा पत्ता बहुधा ठाऊक असतो. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी सुरू केले; चेन्नईस शांती रंगनाथन ह्यांनी १९८० साली स्थापिलेली संस्था आहे; मुंबईत फादर जो परेरा ह्यांची ‘कृपा फाउंडेशन’ १९८१ पासून काम करीत आहे. अशा संस्थांतून उपचार घेऊन गेलेल्यांचे गट अनेक ठिकाणी आहेत.

तिसरी सूचना : शक्य तर दूरध्वनी ज्याचा प्रश्न आहे त्यानेच करावा. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात दूरध्वनी मीच केला. पलीकडच्या गृहस्थांनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. “आपण स्वतःसाठी विचारता की दुसऱ्या कोणासाठी?” एवढेच विचारले. बंधूंसाठी, असे मी म्हणताच ते शांतपणे म्हणाले, “मग त्यांच्या हाती द्या.” दादांनी दूरध्वनी घेतला आणि गच्चीवर गेले. अर्ध्या तासाने खाली आले, तेव्हा म्हणाले, “मंगळवारी. तो माणूस कोपऱ्यावर निळी छत्री घेऊन उभा राहणार आहे.” पावसाळा होता. मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा छत्री खरोखरीच तेथे होती.

ज्यांच्या गावी सभाच नाही त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग झाला आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत बंद पडलेल्या सभा मोबाइल व संगणकावर भरू लागल्या, आणि त्यांतील कित्येक पुढेही चालू राहिल्या. कारखान्याच्या वसाहतीत परत गेल्यावर दादा पुण्याकडील एका मराठी सभेस अशाच रीतीने बसत. हिंदीत त्यांना सारे समजते. पण लाज वाटलेली गोष्ट आपल्या भाषेतच सांगता येते, असे ते म्हणतात. तरीही आठवड्यातून एकदा बावीस मैलांवरच्या सभेस ते बसने जातातच. मोबाइल बंद करणे फार सोपे असते, हे त्यांचेच वाक्य.

सभेत काय घडते

सभा दोन प्रकारच्या असतात. ‘बंद’ सभेस ज्यांना दारूचा प्रश्न आहे त्यांनाच प्रवेश असतो. ‘खुल्या’ सभेस घरची माणसे, डॉक्टर, कोणीही जिज्ञासू बसू शकतो. पहिल्या वेळी बरोबर जावयाचे असेल तर सभा खुली आहे ना, हे विचारून घ्यावे. ती मंगळवारची सभा खुली होती म्हणून मी मागल्या बाकावर बसलो.

सरकारी शाळेचा वर्ग होता. बाके मुलांची, त्यामुळे गुडघे वर येत होते. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. वीसएक माणसे असावीत. थोडा वेळ सर्व जण शांत बसले, एक लहानशी प्रार्थना झाली, नियमांचे वाचन झाले. मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणे आणि आपली हकीकत सांगे. कोणी मध्ये बोलत नसे, सल्ला देत नसे, वाद घालीत नसे. त्यांनी काय सांगितले, ते येथे लिहिणार नाही. तेथे ऐकलेले तेथेच ठेवावयाचे, ही त्या खोलीची पहिली रीत आहे. एवढे मात्र सांगतो की लोक अधूनमधून मोठ्याने हसत होते. मला ते अपेक्षित नव्हते.

मध्येच एक डबा फिरविला गेला. जागेचे भाडे, चहा व पुस्तके ह्यांसाठी सभासद स्वखुशीने त्यात काही टाकतात. मी खिशात हात घालताच शेजाऱ्याने तो अलगद धरला. पाहुण्यांकडून घेत नाहीत. बाहेरची देणगी स्वीकारावयाची नाही, हा त्यांचा नियमच आहे. फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. सभासद होण्यास एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. ती सुटलेलीच असावी असेही नाही. काल प्यायलेला माणूसही आज येऊन बसू शकतो.

त्यांच्या मार्गाला ‘बारा पायऱ्या’ म्हणतात. दारूपुढे आपले काही चालत नाही हे मान्य करणे, स्वतःचे प्रामाणिक परीक्षण करणे, ज्यांचे आपण नुकसान केले त्यांची शक्य तेथे भरपाई करणे, आणि अखेरीस आपल्यासारख्याच दुसऱ्याला साहाय्य करणे, असा त्यांचा क्रम आहे. त्यात परमेश्वराचा उल्लेख आहे; परंतु तो ज्याला जसा उमगला तसा. चळवळ कोणत्याही धर्माची वा पंथाची नाही. कोणाला ही भाषा मानवत नाही, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडून समुपदेशन घ्यावे, किंवा दुसऱ्या एखाद्या गटास जावे. एका गटात मन रमले नाही म्हणून मार्गच चुकीचा, असेही समजू नये. स्त्रियांनाही हा आजार होतो व त्यांना आपल्यापेक्षा अधिक लपवावे लागते. काही शहरांत केवळ स्त्रियांच्या सभा भरतात.

ह्याचा उपयोग किती होतो, हे विचारणे रास्त आहे. २०२० साली २७ अभ्यासांचा व दहा हजारांहून अधिक रुग्णांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. अशा सभांकडे पद्धतशीरपणे वळविणाऱ्या उपचारांत वर्षअखेर संपूर्ण मद्यमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर इतर मानसोपचारांत सुमारे ३५ टक्के आढळले. म्हणजे हा जादूचा ताईत नव्हे. पण फुकट मिळणारी व घराजवळ असू शकणारी गोष्ट म्हणून तिचे मोल मोठे आहे. आपल्या देशात तर अधिकच. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणत्यातरी स्वरूपाचे साहाय्य मिळाले होते. उरलेल्या सदतीस जणांच्या घरी बहुधा शपथाच घेतल्या जात असतील.

घरच्या माणसांसाठी

भगिनी, आता थोडे आपल्याविषयी. आपण पत्रात आपल्या स्वतःबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही.

मद्यपीच्या घरच्या माणसांसाठी ‘अल-अॅनॉन’ नावाचे निराळे गट आहेत. १९५१ साली बिल विल्सन ह्यांच्या पत्नी लुईस आणि त्यांच्या एका मैत्रिणीने त्यांची स्थापना केली. नवरे सभेत बसलेले असताना बाहेर वाट पाहणाऱ्या बायकांनी आपसांत बोलण्यास सुरुवात केली, त्यातून हे कार्य वाढले. भारतातील अनेक शहरांत हे गट आहेत. पुण्यास ‘मुक्तांगण’मध्ये रुग्णांच्या पत्नींचा ‘सहचरी’ नावाचा गट आहे. यजमान सभेस जावोत वा न जावोत, आपण जाऊ शकता. माझ्या वहिनी पहिल्या सभेस गेल्या तेव्हा, ‘तुमचे काय चालले आहे?’ हा प्रश्न अकरा वर्षांत आपल्याला प्रथमच कोणी विचारला, असे त्यांनी मला सांगितले.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नयेत. ‘न कळविता दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण भिंतींवर पाहिल्या असतील. दारूची शिसारी आणणारे एक औषध १९४८ पासून डॉक्टर वापरीत आले आहेत. परंतु ते घेतलेल्या माणसाने दारू घेतल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, रक्तदाब एकदम उतरणे असे प्रकार होतात व जिवावर बेतू शकते. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. आमटीत गुपचूप मिसळण्याचे ते औषध नव्हे. दुसरे असे की, सभेहून परतल्यावर ‘तुम्ही काय बोललात?’ असे विचारू नये. मी पहिल्या दिवशी विचारले होते. दादांनी उत्तर दिले नाही, आणि ते बरोबर होते.

घरात मारहाण होत असेल, तर मात्र सभेची वाट पाहत बसू नये. स्त्रियांसाठीची १८१ ही हेल्पलाइन त्यासाठी आहे. आजार खरा असला, तरी त्यापायी मार सोसणे हे पत्नीचे कर्तव्य ठरत नाही.

नावाविषयी

आपला शेवटचा प्रश्न नावाचा होता, आणि तो मला माझ्या व्यवसायामुळे विशेष जवळचा वाटला. त्या चळवळीच्या नावातील दुसऱ्या शब्दाला मराठी शब्द कोणता योजावा? प्रथम माझ्या लेखणीतून ‘निनावी’ उतरला. पण निनावी असते ते पत्र, तक्रार, चहाडी. ज्याला नाव सांगण्याचे धैर्य नाही, त्याचा तो शब्द. मग ‘अनामिक’ घेतला. आपल्या हाताच्या ज्या बोटात अंगठी घालतात, त्याला आपण अनामिका म्हणतो. नाव नसलेले बोट. पण मान त्यालाच. ह्या सभांतील नाव न सांगणे त्या जातीचे आहे. तेथे आडनाव नसते, म्हणून हुद्दा नसतो, जात नसते, कोणी थोर नसतो नि कोणी वाया गेलेला नसतो.

तेव्हा उत्तर असे : नाव सांगावे लागत नाही. सांगावेसे वाटले तर पहिले नाव पुरते, आणि तेही खरेच असावे अशी सक्ती नाही.

दादांनी खोडलेल्या ओळीचे सांगावयाचे राहिले. त्या मंगळवारनंतर सात महिन्यांनी त्यांचा पाय एकदा घसरला. चार दिवस प्यायले, पाचव्या दिवशी स्वतः डॉक्टरांकडे गेले, आणि त्याच आठवड्यात पुन्हा सभेस गेले. तेथे कोणी रागावले नाही. त्या गोष्टीला आता दोन वर्षे होत आली. ह्या लेखाच्या कच्च्या प्रतीत मी ‘दादा आता पूर्णपणे बरे झाले आहेत’ असे लिहिले होते. त्यांनी ती ओळ खोडली व समासात पेन्सिलीने लिहिले : ‘आज प्यायलेले नाहीत.’ अनुवादक म्हणून मी माझ्या शब्दांविषयी फार हट्टी आहे. पण ही दुरुस्ती मी तशीच ठेवली आहे.

भगिनी, यजमान तीनदा थांबले होते असे आपण लिहिता. तीनदा थांबलेला माणूस चौथ्यांदा थांबू शकतो. ह्या खेपेस प्रथम डॉक्टरांना दाखवा, आणि त्यानंतरच्या संध्याकाळी त्यांना एकटे बसावे लागणार नाही, एवढी तजवीज आधी करून ठेवा. १४४४६ ह्या क्रमांकावर आजच चौकशी करा. पत्ता मिळाला की दूरध्वनी त्यांच्या हाती द्या.